कोकणची मासळी आणि परदेशी गिऱ्हाईक

२०२३-२४ मध्ये भारतातून सुमारे १७ लाख ८२ हजार टन मासळी परदेशी गेली. वजनाचा हा तोवरचा उच्चांक. पैसे मात्र आदल्या वर्षापेक्षा जवळपास साडेतीन हजार कोटींनी कमी आले, ६०,५२४ कोटी रुपये. इक्वेडोरने जगाच्या बाजारात कोळंबी ओतली होती आणि भाव पडले होते. माल वाढूनही पैसा घटावा इतकं एका कोळंबीवर सगळं येऊन ठेपलं, ते एका दिवसात नाही. आणि या प्रवासात महाराष्ट्राचा किनारा बराचसा कडेला राहिला.

बर्फ आणि शीतगृहं येण्याआधी परदेशी जायचं ते सुकं. पश्चिम किनाऱ्याची खारवलेली, वाळवलेली मासळी कोलंबो, रंगूनकडे जात असे. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून चीनला जाणाऱ्या मालात मुशीचे, म्हणजे शार्कचे पर आणि माशांचे बोतही असत. बोत म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. घोळ आणि दाढ्याच्या बोताला आजही पूर्व आशियात सोन्यासारखा भाव येतो. २०२१ मध्ये पालघरजवळच्या मुरबे इथल्या एका बोटीला एकाच फेरीत दीडशेवर घोळ मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटींहून अधिक रुपये झाले, ते मांसासाठी नव्हे, बोतासाठी. मुशीच्या परांचा व्यापार मात्र केंद्राने २०१५ मध्ये निर्यातबंदी घालून थांबवला.

गोठवलेल्या कोळंबीची पहिली खेप १९५३ मध्ये कोचीहून अमेरिकेला गेली. त्याच सुमारास केरळात नीण्डकरा इथे भारत-नॉर्वे प्रकल्प सुरू झाला होता. गरीब मच्छीमारांना यांत्रिक होड्या द्याव्यात, त्यांच्या ताटात मासळी वाढावी, असा त्याचा मूळ हेतू. पण समुद्राच्या तळावरून ओढल्या जाणाऱ्या ट्रॉल जाळ्यात कोळंबी भरभरून येते आणि अमेरिकन गिऱ्हाईक तिला डॉलर मोजतं हे कळल्यावर हेतू मागे पडला. दरम्यान श्रीलंका आणि ब्रह्मदेश यांनी आयातीवर निर्बंध आणल्याने सुक्याचा जुना बाजारही आटत गेला. १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि निर्यातदाराच्या हाती डॉलरमागे आणखी रुपये पडू लागले. त्याआधी १९६१-६२ मध्ये देशाची मासळी निर्यात १६ हजार टनांच्या आत आणि चार कोटी रुपयांच्या आसपास होती. १९७२ मध्ये सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरण स्थापन झालं, तेही कोचीलाच.

महाराष्ट्रात ही लाट ट्रॉलरच्या रूपाने आली. मुंबईच्या ससून डॉकमध्ये आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात यांत्रिक बोटी वाढल्या, सहकारी संस्थांमार्फत कर्जं मिळाली, कोळंबी सोलायच्या शेड उभ्या राहिल्या. सोलट आणि चैती या कोळंबीच्या जाती आधी निर्यातदाराकडे, मग उरलं तर बाजारात, असा क्रम लागला. जपान हे सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून सर्वात मोठं गिऱ्हाईक झालं आणि दोनेक दशकं राहिलं. किनाऱ्यालगत ट्रॉलर आल्याने किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणवाले आणि डोल जाळं लावणारे डोलकर संतापले. समुद्रात जाळी कापणं, बोटी अडवणं हे प्रकार झाले. त्यातून १९८१ चा महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायदा आला. पाच किंवा दहा वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) खोलीच्या आत ट्रॉलरने येऊ नये, हा त्याचा गाभा. त्याची अंमलबजावणी किती झाली हे कुठल्याही बंदरावर विचारावं.

कोळंबीच्या मागे लागलेल्या जाळ्यात बाकी बरंच यायचं: वाकटी, राणी मासा, म्हाकूल. घरच्या बाजारात यांना पापलेट-सुरमईची पत कधीच नव्हती. मग चीन गोठवलेली वाकटी घेऊ लागला, युरोपातले देश म्हाकूल घेऊ लागले. राणी माशाचं मांस धुऊन, वाटून त्याचा सुरिमी नावाचा लगदा करायचा कारखाना रत्नागिरीत नव्वदच्या दशकात उभा राहिला. खेकड्याच्या चवीच्या ज्या कांड्या परदेशी दुकानांत दिसतात, त्यांत बऱ्याचदा हाच लगदा असतो. माझ्या मते कोकणच्या निर्यातीतली खरी नवी गोष्ट ही आहे, कोळंबी नव्हे. तिची दुसरी बाजूही तितकीच खरी: पूर्वी ज्याला गिऱ्हाईक नव्हतं त्यालाही आलं, तेव्हा समुद्रात सोडून द्यावं असं जाळ्यात काहीच उरलं नाही. लहान पिल्लंसुद्धा. महाराष्ट्राने ५४ जातींसाठी पकडायच्या माशाची किमान लांबी ठरवली, पण त्याला २०२३ उजाडलं.

१९९१-९२ मध्ये देशाची निर्यात १,३७६ कोटी रुपयांची होती, ती २००१-०२ मध्ये ५,९५७ कोटींवर गेली. वाढ दिसते तशी सुरळीत नव्हती. परदेशी जहाजांना खोल समुद्र खुला करण्याच्या धोरणाविरुद्ध १९९४ मध्ये देशभरच्या मच्छीमारांनी बंद पाळला. त्या धोरणाचा विचार करायला मुरारी समिती नेमावी लागली आणि धोरण मागे घ्यावं लागलं. त्याच काळात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने पूर्व किनाऱ्यावरची वाघी कोळंबीची तळी साफ केली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरच्या कोळंबी तळ्यांविरुद्ध निकाल दिला. १९९७ मध्ये युरोपने अस्वच्छतेचं कारण देऊन भारतीय मासळी काही महिने बंद केली. प्रक्रिया कारखान्यांतल्या फरशा, पाणी, गमबूट, हातमोजे यांचं आज जे अवडंबर दिसतं ते बव्हंशी त्या दणक्याचं फळ. पुढे प्रतिजैविकांच्या अंशांवरून खेपा परत आल्या, २००५ मध्ये अमेरिकेने फार स्वस्तात माल ओतल्याचं कारण देऊन अँटी-डम्पिंग शुल्क लावलं.

मग २००९ मध्ये केंद्राने वनामी कोळंबीला परवानगी दिली. लॅटिन अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरची ही जात दाटीने वाढते आणि लवकर तयार होते. आंध्रची तळी तिने भरली आणि देशाच्या निर्यातीचा भार समुद्राकडून तळ्यांकडे, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकला. २०२३-२४ मध्ये वजनात ४० टक्के असलेली गोठवलेली कोळंबी किमतीत दोन-तृतीयांश भरली आणि तिचा सर्वात मोठा ग्राहक अमेरिका होता. पालघर, रायगड, रत्नागिरीच्या खाड्यांलगतही वनामीची तळी आहेत, पण आंध्रपुढे ती नगण्य.

समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेचं दार तर २०१९ पासूनच बंद आहे. ट्रॉल जाळ्यात कासवांना सुटायला वाट ठेवणारं साधन लावलेलं नाही, हे त्याचं कारण. म्हणून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लादलं तेव्हा थेट फटका बसला तो आंध्रच्या तळीवाल्यांना. कोकणातल्या ट्रॉलरवाल्याचा माल त्या वाटेवर नव्हताच. त्याची काळजी वेगळी होती: तिकडे न खपलेली वनामी मुंबईच्या बाजारात स्वस्तात उतरली, तर त्याच्या सोलटीला भाव कोण देणार?