गोरखचिंच (माळवा)

गोरखचिंच हा मूळचा आफ्रिका खंडातील महावृक्ष माळव्यात मुख्यतः धार जिल्ह्यात आढळतो आणि त्याची सर्वांत प्रसिद्ध वस्ती इंदूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या मांडूच्या गडावर व त्याच्या पायथ्याच्या गावांत आहे. त्याचे शास्त्रीय नाव अ‍ॅडॅन्सोनिया डिजिटॅटा असून इंग्रजीतील बाओबाब हे नावही आता मराठीत रुळले आहे. हिंदीत गोरख इमली, मांडूत खुरासानी इमली आणि गुजरातेत रूखडो या नावांनी तो ओळखला जातो. फळातील गर आंबट असल्याने चिंच हे नाव पडले असले, तरी चिंचेशी त्याचे वनस्पतिशास्त्रीय नाते नाही. त्याचा जवळचा आप्त म्हणजे आपली काटेसावर. पूर्वी या दोघांचे स्वतंत्र शाल्मली कुल मानले जाई. अलीकडच्या वर्गीकरणात ते भेंडी-कापसाच्या मोठ्या कुलात समाविष्ट केले जाते.

खोड बेढब जाड व राखी रंगाचे, फांद्या वर्षाचे बरेच महिने निष्पर्ण, पाने हाताच्या पंजासारखी संयुक्त, फुले मोठी, पांढरी व खाली लोंबणारी. फुले सायंकाळी उमलतात आणि त्यांचे परागण मुख्यतः फळे खाणाऱ्या वटवाघळांमार्फत होते. पावसाळ्यात मांडूला जाणाऱ्या इंदूरच्या मराठी कुटुंबांना वाटेवर विकायला ठेवलेली लांबट, मखमली लव असलेली कठीण फळे परिचित आहेत, त्यामुळे त्यांच्या उपयोगांचे येथे सविस्तर वर्णन केलेले नाही.

हा वृक्ष माळव्यात केव्हा व कसा आला, हा प्रश्न वादग्रस्त आहे. अ‍ॅडॅन्सोनिया प्रजातीच्या सामान्यतः मान्य असलेल्या आठ जातींपैकी सहा केवळ मादागास्करात, एक ऑस्ट्रेलियात आणि एक, म्हणजे प्रस्तुत जाती, आफ्रिकेच्या मुख्य भूमीवर मुळात वाढते. भारतात या प्रजातीची एकही देशी जाती नाही. मांडूत सर्वाधिक सांगितला जाणारा वृत्तान्त असा की, 15 व्या शतकात माळव्याच्या खिलजी सुलतानांच्या काळी इजिप्तमधील खलिफाकडून भेट म्हणून ही फळे किंवा बिया आल्या. कैरोतील अब्बासी खलिफा आणि महमूद खिलजी (कारकीर्द 1436–1469) यांच्यात दूतांची देवघेव झाली होती, एवढा या वृत्तान्ताला आधार आहे. परंतु त्या भेटींत या झाडाचे बी होते, हा भाग परंपरेवरच विसंबलेला दिसतो. ‘खुरासानी’ या विशेषणावरून काहींनी इराणकडील मार्ग सुचवला आहे. खुरासानच्या कडाक्याच्या थंडीत हे झाड टिकणे कठीण असल्याने त्या विशेषणाचा अर्थ ‘परमुलखातले’ इतकाच घेणे अधिक सुरक्षित वाटते.

दुसरा पक्ष हे झाड अरब व्यापाऱ्यांनी आणले असे मानणाऱ्यांचा. भारतातील इस्लामी वास्तूंचे अभ्यासक जॉन बर्टन-पेज यांनी 1969 मध्ये या झाडाच्या भारतातील आगमनाचा स्वतंत्रपणे विचार केला. मांडू, विजापूर यांसारख्या मुसलमानी सत्ताकेंद्रांभोवतीची त्याची दाटी त्यामुळे अभ्यासकांच्या विशेष नजरेत आली. तिसरा पक्ष हबशी सैनिक, खलाशी व गुलाम म्हणून भारतात आलेल्या आफ्रिकी लोकांकडे लक्ष वेधतो, कारण या झाडाचे पान, फळ आणि साल त्यांच्या मायदेशी रोजच्या वापरातील होती. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात भारतीय झाडांचे साम्य आफ्रिकेतील एकाहून अधिक प्रदेशांतील झाडांशी आढळले आणि त्यावरून बी एकदाच नव्हे, तर वेगवेगळ्या काळी व वेगवेगळ्या किनाऱ्यांवरून आले असावे, असा निष्कर्ष काढण्यात आला. समुद्रप्रवाहाबरोबर फळे वाहत आली असावीत, हे मत किनाऱ्यापुरते विचारात घेता येईल. विंध्याच्या माथ्यावरील मांडूला ते लागू पडत नाही. प्रयागराजजवळच्या झूसी येथील झाडाचे वय किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीने सुमारे सात-आठशे वर्षांचे ठरले आहे. हे मान्य केल्यास गोरखचिंच खिलजींच्या आधीच भारतात पोचली होती असे मानावे लागते, आणि मांडूची भेट घडली असलीच, तर ती अनेक आगमनांपैकी एक ठरते.

वयाच्या बाबतीत स्थानिक कथनांवर सहसा विसंबता येत नाही. सेनेगलमध्ये 1749 पासून काम केलेल्या मिशेल आदाँसाँ या फ्रेंच निसर्गवैज्ञानिकाने, ज्याच्यावरून लिनीअसने प्रजातीला नाव दिले, काही झाडे पाच हजार वर्षांची असल्याचा अंदाज केला होता. प्रत्यक्षात या खोडात वर्षवलये अस्पष्ट असतात, काही ठिकाणी ती तयारच होत नाहीत, अनेक खोडे एकत्र जुळून एकच प्रचंड खोड भासते आणि दुष्काळात घेर कमीही होतो. म्हणून घेरावरून वय काढण्याची रीत येथे फसते. विश्वसनीय मोजणीत सर्वाधिक वय झिंबाब्वेतील ‘पांके’ नावाच्या झाडाचे, सुमारे 2450 वर्षे, आढळले. ते 2011 मध्ये कोसळले.

हवामानबदलाच्या संदर्भात हे झाड विशेष चर्चेत आले ते 2018 मध्ये. त्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार आफ्रिकेतील सर्वांत वृद्ध तेरा झाडांपैकी नऊ आणि सर्वांत मोठ्या सहांपैकी पाच झाडे 2005 नंतरच्या काळात पूर्णतः मेली, किंवा त्यांची सर्वांत जुनी खोडे तरी कोसळली. संशोधकांनी वाढते तापमान व अवर्षण यांवर संशय व्यक्त केला, मात्र कार्यकारण सिद्ध करण्यासाठी अधिक संशोधन हवे असेही नोंदवले. ही पडझड सर्वत्र होत नाही, असे मत नंतरच्या काही अभ्यासकांनी मांडले आहे. खोडात साठवलेल्या पाण्यावर हे झाड कोरडा काळ निभावते, ही प्रचलित समजूतही सुधारून घ्यावी लागते. मादागास्करातील जातींवर 2006 मध्ये झालेल्या संशोधनात असे दिसले की, साठवलेले पाणी कोरड्या काळात पाने जगवण्यासाठी फारसे वापरले जात नाही. ते पावसाआधी पालवी फुटण्यासाठी आणि हलक्या, मऊ लाकडाला ताठपणा देण्यासाठी उपयोगी पडते. म्हणजे पाऊस लांबला किंवा पालवीनंतर दीर्घ उघडीप पडली, तर हा साठा झाडाला अमर्याद काळ तारून नेणार नाही. पावसाचे दिवस अनियमित होत असलेल्या माळव्यासाठी ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कार्बन साठवणीच्या हिशेबात गोरखचिंचेविषयी अतिशयोक्ती होण्याचा संभव असतो. तिचे लाकूड पाण्याने भरलेले, सच्छिद्र व अत्यंत हलके असते, जुनी खोडे बहुधा पोकळ असतात. त्यामुळे सागासाठी योग्य असलेली घेर व उंचीची सूत्रे तिला लावल्यास साठा वास्तवापेक्षा फार मोठा दिसतो. वृक्षारोपणाच्या आकड्यांत भर घालणारे झाड म्हणून तिची भलामण करू नये. तिचे खरे मोल शतकानुशतके एकाच जागी टिकणाऱ्या, वटवाघळे, पक्षी व कीटक यांना आसरा देणाऱ्या वृद्ध खोडात आहे, आणि हे मोल रोपे लावून एका पिढीत भरून काढता येत नाही.

नवे झाड आपोआप उगवणे येथे दुर्मीळ आहे. बियांचे कवच कठीण असते; आफ्रिकेत हत्ती, माकडे यांच्या पोटातून गेल्याने ते मऊ होते, तर रोपवाटिकेत ते खरवडावे लागते किंवा बी गरम पाण्यात भिजवावे लागते. शिवाय कोवळ्या रोपाची पाने साधी, अखंड असतात. ती मोठ्या झाडाच्या पंजासारख्या पानांपेक्षा इतकी वेगळी दिसतात की रोप ओळखू न येता तणाबरोबर उपटले जाते, आणि उरलेसुरले गुरे-शेळ्या खातात. या पार्श्वभूमीवर 2022 मध्ये धार जिल्ह्यातील काही मोठी झाडे मुळासकट काढून हैदराबादकडील एका खासगी उद्यानासाठी नेण्यात आली, तेव्हा स्थानिक रहिवाशांनी, त्यांत आदिवासी कुटुंबांनी, केलेला विरोध यथार्थ म्हणावा लागतो. फळे विकून मिळणारे उत्पन्न हा त्यांच्या विरोधाचा एक भाग होता. जुन्या जागेवरून हललेला वृद्ध वृक्ष पुन्हा रुजेलच, याची कोणी हमी देऊ शकत नाही, हा दुसरा. मांडूच्या गडावरील वास्तू केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत, पण गोरखचिंचेची बरीच झाडे गडाबाहेर शेतांच्या बांधांवर व खासगी जमिनींत उभी असल्याने त्यांचे भवितव्य त्या त्या शेतकऱ्याच्या निर्णयावरही अवलंबून राहते.