सिराजउद्दौल्यानं जिंकलेला फोर्ट विल्यम आणि आजचा फोर्ट विल्यम

कोलकात्याच्या फोर्ट विल्यमचं नाव बदलून विजयदुर्ग झाल्याची बातमी आली, तेव्हा नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गप्पांत एकानं विचारलं, "१७५६ साली बंगालचा नवाब सिराजउद्दौल्यानं इंग्रजांकडून घेतला तो हाच ना?" हाच समज पुष्कळांचा असतो. पण तो किल्ला वेगळा, आणि तो आता उरलेला नाही.

जुना फोर्ट विल्यम हुगळीच्या काठाला, लालदिघीजवळ होता. बांधकाम १६९६ साली सुरू झालं. नाव इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यमचं. नावाला किल्ला, पण वापर वखारीचा. तटाला गोदामं चिकटली, शेजारची घरं तटाहून उंच गेली. इथं आपलं नागपूर येतं. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर बंगालात उतरले, तेव्हा घाबरलेल्या कोलकात्यानं शहराभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, जेमतेम तीन मैल झाला. मराठे शहरावर आले नाहीत, काम थांबलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: भीती नागपूरकरांची होती, पण किल्ल्याचा तट तसाच कच्चा राहिला. २० जून १७५६ ला तो पडला. काळकोठडीचा, म्हणजे इंग्रज कैदी एका लहान खोलीत कोंडून गुदमरल्याचा, तो बहुचर्चित प्रकारही याच जुन्या किल्ल्यातला. त्यातून वाचलेल्या हॉलवेलनं दिलेला १४६ कैद्यांचा आकडा मात्र अनेक इतिहासकारांना मान्य नाही.

जानेवारी १७५७ मध्ये इंग्रजांनी कोलकाता परत घेतलं, पण जुन्या जागेवर त्यांचा भरवसा उरला नाही. प्लासीच्या लढाईनंतर दक्षिणेला, गोविंदपूर गाव हलवून, नवा किल्ला सुरू झाला. पुरा व्हायला १७८१ उजाडलं. तोफांच्या माऱ्यात आडोसा नको म्हणून भोवतालचं रान साफ केलं, तेच आजचं मैदान. या किल्ल्याला कधी वेढा पडला नाही. आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्यासारखा तोही लष्कराकडे आहे. पूर्व विभागाचं मुख्यालय तिथंच.

जुना किल्ला काही वर्षं कस्टम हाऊस म्हणून वापरला आणि १८१९ मध्ये पाडला. त्याच्या जागेच्या एका भागावर १८६८ पासून कोलकात्याचं जनरल पोस्ट ऑफिस उभं आहे. हावड्याला उतरून कोलकात्यात गेलात तर आधी या पोस्टाच्या पायऱ्यांपाशी थांबा. जुन्या तटाची रेषा पितळेच्या पट्ट्यांनी दाखवली आहे. आणि नागपूरच्या धास्तीनं खणलेला तो खंदक? १७९९ मध्ये त्याचा बराचसा भाग बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला.