खदानीतल्या धुळीचा फुप्फुसरोग : भरपाईचा दावा कसा करायचा

खदानीत वीस-पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला जिना चढताना धाप लागते, काळपट बेडका पडतो. गावचा डॉक्टर टीबी समजून औषध सुरू करतो आणि गाडं तिथेच अडतं. कारण कागदावर 'न्यूमोकोनिओसिस' हा शब्द नसेल, तर दावा टिकत नाही.

कोळशाच्या धुळीने होणारा हा रोग 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदलेला आहे. ती तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 मध्ये आली आहे. चंद्रपूर, वणी, उमरेडकडचे कायम कामगार तर पात्र आहेतच. ठेकेदारीवरच्यांनाही खाण चालवणाऱ्या कंपनीवर दावा लावता येतो. "तुमचा मालक ठेकेदार" हे उत्तर ऐकून परत फिरू नका. कामगार वारला असेल तर अवलंबून असलेले वारस अर्ज करतात.

आधी पीएमईचे, म्हणजे नियतकालिक तपासणीचे, जुने अहवाल आणि छातीच्या एक्स-रेच्या मूळ फिल्म मागून घ्या. फिल्म घडी घालू नका, पत्र्याच्या पेटीत तर नकोच. उन्हाळ्यात एकमेकींना चिकटतात. सोबत फुप्फुसाच्या क्षमतेची चाचणी आणि अपंगत्वाची टक्केवारी लिहिलेला डॉक्टरी दाखला. नोकरीच्या पुराव्याला सीएमपीएफ (कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी) क्रमांक, पगारपत्रक, व्हीटीसीचा, म्हणजे खाणीच्या प्रशिक्षण केंद्राचा, दाखला, गेटपास. ठेकेदारीत पगारपत्रक क्वचितच मिळतं, म्हणून जुना गेटपास फेकू नका.

अर्ज भरपाई आयुक्तांकडे, महाराष्ट्रात हे काम कामगार न्यायालय पाहतं. तुम्ही राहता त्या भागातही तो दाखल होतो. निवृत्तीनंतर गोंदियाला गेलेल्याने चंद्रपूरच्या खेपा घालायची गरज नाही. मुदत दोन वर्षांची. सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो.

रकमेचा हिशोब असा: कायमच्या पूर्ण अपंगत्वात महिन्याच्या मजुरीच्या 60 टक्क्यांना वयाच्या गुणकाने, म्हणजे कायद्यातल्या तक्त्यात त्या वयासमोर दिलेल्या आकड्याने, गुणायचं. मजुरी 15,000 पेक्षा जास्त असली, तरी जानेवारी 2020 च्या अधिसूचनेप्रमाणे 15,000 रुपयेच धरतात. वय 55 असेल तर 9,000 गुणिले 135.56, म्हणजे 12,20,040 रुपये. अपंगत्व 30 टक्के ठरलं, तर याच्या 30 टक्के.

मृत्यूच्या प्रकरणात कुणी घरी येऊन हातावर पैसे ठेवून कोऱ्या कागदावर अंगठा मागितला, तर देऊ नका. ती रक्कम आयुक्तांकडेच जमा व्हावी लागते.