बंदीच्या बातमीवरून ऑर्डर देण्याआधी किंवा रद्द करण्याआधी

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेमवर, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन मिळून गोष्ट रचायच्या खेळावर, कायद्याने बंदी येणार, असा मेसेज फिरू लागला की आमच्याकडे, म्हणजे हे खेळ विकणाऱ्यांकडे, दोन प्रकारचे फोन सुरू होतात. काही जण ‘नंतर मिळणार नाहीत’ म्हणून एकदम तीन-तीन रूलबुकं मागवतात. काही जण ‘घरात ठेवणं गुन्हा ठरला तर?’ म्हणून दिलेली ऑर्डर रद्द करतात. आठवडाभराने पहिले पुस्तकं परत घ्या म्हणतात आणि दुसरे तीच ऑर्डर पुन्हा देतात. या गडबडीत एखाद्या नव्या ग्रुपचा संच अडकतो आणि त्यांचं पहिलं सेशन, म्हणजे खेळाची पहिली बैठक, लांबणीवर पडतं. आम्हाला सर्वात जास्त वाईट वाटतं ते याचं.

चूक एकच होते: बंदी कुणी घातली, हे कुणी बघत नाही. शाळेच्या सूचनेला, तुरुंगाच्या नियमाला आणि संसदेच्या कायद्याला आपण एकच शब्द वापरतो. २०१० साली अमेरिकेतल्या एका अपील कोर्टाने ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या प्रसिद्ध रोल-प्लेइंग गेमवरची बंदी कायम ठेवली, हे अगदी खरं आहे. पण ती बंदी विस्कॉन्सिन राज्यातल्या वॉपन तुरुंगापुरती होती. खेळामुळे कैद्यांच्या टोळ्या बनतील, अशी तिथल्या अधिकाऱ्यांना भीती होती, म्हणून एका कैद्याची पुस्तकं आणि त्याने हाताने लिहिलेलं ९६ पानी कॅम्पेन (खेळासाठी रचलेली लांबलचक कथा) त्यांनी काढून घेतलं. तुरुंगाबाहेर तीच पुस्तकं उघड विकली जात होती. हा खेळ १९७४ मध्ये प्रकाशित झाला तोही त्याच राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून. बातमीतून ‘तुरुंग’ एवढा एक शब्द गळला की काय होतं, ते बघा.

१९९० च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनच्या ‘स्टीव्ह जॅक्सन गेम्स’ या खेळ छापणाऱ्या कंपनीवर सीक्रेट सर्व्हिस या सरकारी तपास यंत्रणेचा छापा पडला, तेही बंदीचा पुरावा म्हणून अजून सांगितलं जातं. छापा एका कर्मचाऱ्यावरच्या संगणकविषयक संशयातून पडला होता. त्यात छपाईला निघालेल्या ‘गर्प्स सायबरपंक’ या रूलबुकाचं हस्तलिखितही गेलं. कंपनीने खटला भरला आणि १९९३ मध्ये नुकसानभरपाई मिळवली. पुस्तक तर त्याआधीच बाजारात आलं होतं.

‘बंदी घातलेली आवृत्ती आहे का?’ असंही आम्हाला विचारलं जातं. १९८० च्या दशकात अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’विरुद्ध मोठी मोहीम झाली. मुलगा गमावलेल्या एका आईने ती उभारली होती, आणि तिच्या दुःखाबद्दल आम्हाला आदरच आहे. त्या विरोधामुळे १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत प्रकाशकाने ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावं बदलली. ती प्रकाशकाने बदलली, कायद्याने नाही. म्हणून आम्ही कुठलंच जुनं पुस्तक ‘बंदी घातलेलं’ म्हणून चढ्या भावाने विकत नाही. जानेवारी २०२३ मध्ये याच खेळावरून गाजला तो वाद परवान्याचा होता. त्याचा संबंध खेळावर आधारित साहित्य छापणाऱ्यांशी होता, घरी खेळणाऱ्यांशी नव्हता. महिना संपायच्या आत मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली सर्वांना वापरायला खुले झाले.

फाशांमुळे हा जुगार वाटतो, असं काही पालक म्हणतात. वीस बाजूंच्या फाशावर तलवारीचा वार लागला की चुकला एवढंच ठरतं. पैसा लावलेलाच नसतो.

तेव्हा मेसेज आला की त्यात कायद्याचं नाव आणि तारीख शोधा. खरा कायदा राजपत्रात छापून येतो. ते सापडलं नाही, तर मेसेज आम्हाला पाठवा. आम्ही शोधून सांगू. त्यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही.

अफवेच्या दिवसांत आम्ही एका ग्राहकाला एका पुस्तकाची एकच प्रत देतो. काहींना राग येतो, पण साठा मोजका असतो आणि तो खेळणाऱ्यांच्या हातात जावा असं आम्हाला वाटतं. सील फोडलेली पुस्तकं अफवेच्या कारणाने परत घेत नाही. तुम्ही राहता तिथे खरोखरच असा कायदा झाला, तर सीलबंद पुस्तकाचे पूर्ण पैसे परत देऊ.

घरच्यांना शंका असेल तर स्टार्टर बॉक्सपासून सुरुवात करा. त्यात कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्राची माहिती लिहिलेले कागद, भरून तयार असतात. एक शीट आईच्या किंवा बाबांच्या हातात द्या आणि पहिल्या सेशनला त्यांनाही बसवा. गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, म्हणून कुणी नसेल, तर ऑर्डर देताना तसं लिहा. पहिलं सेशन आमच्यातलं कुणीतरी चालवून देईल.