पाय तेच, मग गोल का होत नाही?

दिवाळी सरते, सोयाबीन घरात येतं आणि गावच्या मैदानावर फक्की पडते. कबड्डीचं वेड असलेल्या गावात कबड्डीचे सामने लागतात, फुटबॉलचं वेड असलेल्या गावात फुटबॉलचे. गेल्या हंगामात ज्याच्या पायाला चेंडू लागला की गोल ठरलेला, तो फॉरवर्ड यंदा मोकळ्या गोलपुढून चेंडू आभाळात मारतो. धुऱ्यावर बसलेले जाणकार लगेच निकाल देतात, "पोट्ट्यात जिद्दच नाही राहिली बावा."

२०११ मध्ये एका मोठ्या खेळाडूबद्दल इंग्लंडमध्ये असंच बोललं जात होतं. स्पेनचा फॉरवर्ड फर्नांडो टोरेस याने लिव्हरपूल क्लबकडून लीगच्या १०२ सामन्यांत ६५ गोल केले होते. त्या जानेवारीत चेल्सीने त्याच्यासाठी ५ कोटी पौंड मोजले. नव्या संघाकडून त्याचा पहिला गोल व्हायला खेळाची ९०३ मिनिटं जावी लागली. सप्टेंबरात मँचेस्टर युनायटेडच्या गोलकीपरला चकवून तो पुढे गेला, समोर रिकामा गोल होता, तरी चेंडू बाहेर गेला. आता याच माणसाचं पुढचं वर्ष बघा. एप्रिल २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात, शेवटच्या क्षणी तो एकटा चेंडू घेऊन धावत सुटला, गोलकीपरला वळसा घातला आणि गोल केला. त्याच उन्हाळ्यात युरो स्पर्धेतला सर्वाधिक गोलांचा मान, सोनेरी बूट, त्यालाच मिळाला.

जिद्द संपलेल्या माणसाकडून हे होत नाही. धुऱ्यावरचा निकाल इथेच चुकतो. आत्मविश्वास आणि ओढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी आटतात, आणि पुष्कळदा तिसरंच कारण असतं: शरीर. टोरेसचंच बघा, २०१० मध्ये चार महिन्यांत त्याच्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती.

म्हणून आधी अंग तपासायचं. गावच्या खेळाडूच्या बाबतीत तर हे जास्तच खरं. रब्बीत शेतीची लाईन रात्रीची असली की पोरगा रात्रभर हरभऱ्याच्या ओलितावर असतो आणि दुसऱ्या दिवशी चारला सामना खेळतो. झोप मोडलेल्या माणसाचा निर्णय उशिरा होतो, आणि फुटबॉलमध्ये अर्धा सेकंद म्हणजे बचावपटूचा पाय मध्ये येण्याइतका वेळ. पास चुकतात, शिव्या पडतात, पोरगा गप्प होतो. बाहेरून दिसतं ते "मन लागत नाही."

किती भार पडतोय हे मोजायला यंत्र लागत नाही. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने खेळाडूला एवढंच विचारायचं: आजचा सराव ० ते १० मध्ये किती जड गेला? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. ७५ मिनिटांचा सराव आणि उत्तर ६, म्हणजे ४५० गुण. व्यावसायिक संघही ही पद्धत वापरतात. आपल्याकडे त्यात ओलीत, सोंगणी, पोती उचलणं हेही याच मापाने धरायला हवं, नाहीतर वहीत आराम दिसेल आणि अंगात थकवा असेल. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्यापेक्षा एकदम चढली आणि त्याच वेळी खेळ ढासळला, तर भाषण नको, दोन दिवस सुट्टी द्या.

दुसरी तपासणी रक्ताची. हिमोग्लोबिन कमी असलेला खेळाडू पहिली वीस मिनिटं बरा खेळतो, मग मागे राहायला लागतो. त्याला आळशी म्हणणं सोपं असतं. पूर्व विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया या भागांत, सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजारही ध्यानात ठेवावा लागतो. ज्याला आई किंवा वडील, कुणा एकाकडूनच हा दोष आला तो वाहक, आणि तो सहसा ठणठणीत असतो. पण कडक ऊन, अंगात पाणी कमी आणि न थांबता धावाधाव असं एकत्र आलं तर वाहकही मैदानावर कोसळू शकतो. अशा खेळाडूचे पाय अचानक जड झाले, दुखायला लागले, तर त्याला "अजून दोन फेऱ्या" म्हणायचं नाही. ताबडतोब थांबवून सावलीत न्यायचं, पाणी द्यायचं, बरं वाटेना तर सरळ दवाखाना. रक्ताचा थेंब पुरतो अशी प्राथमिक चाचणी सरकारी दवाखान्यात होते. संघ निवडण्याआधी ती करून घेतली तर जिद्दीबद्दलचे बरेच वाद होणारच नाहीत.

अंग ठीक निघालं तर मग मनाकडे वळू. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलं की "हे काम मला जमेल" हा भरवसा स्वभावातून येत नाही, पुराव्यातून येतो. पुरावे चार जागांहून मिळतात. सगळ्यांत वजनदार पुरावा म्हणजे आपण स्वतः ते काम केलेलं असणं. त्यानंतर आपल्यासारख्याच कुणाला ते करताना पाहणं, विश्वासाच्या माणसाने सांगणं, आणि आपलं शरीर त्या घडीला काय सांगतंय ते. हा भरवसा कामागणिक वेगळा असतो. म्हणून एकाच माणसाचा पाय क्लबसाठी अडखळतो आणि देशासाठी चालतो.

घोळ होतो तो पहिल्या पुराव्यात, कारण फॉरवर्ड गोल मोजतो आणि गोल फार कमी होतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये साधारण दहा फटक्यांमागे एक गोल पडतो. समजा एखाद्याला सामन्यात दोनच फटके मिळतात. चार सामन्यांत आठ फटके झाले. दहात एक या दराने आठही फटके कोरडे जाण्याची शक्यता किती? ०.९ ला आठ वेळा गुणा, उत्तर ०.४३ येतं. म्हणजे फॉर्म अगदी चांगला असताना, निव्वळ योगायोगाने, शंभरातून ४३ वेळा चार सामने गोलाविना जातील. मेंदूला हे गणित येत नाही. तो चार कोरडे सामने पुरावा म्हणून नोंदवतो. त्यात चौकातल्या पानठेल्यावरची चर्चा भर घालते आणि पाचव्या सामन्यात खरोखरच पाय अडखळतो.

तो अडखळतो कसा, हे सियान बायलॉक आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात छान दिसतं. खेळाडूंना मैदानावर मांडलेल्या शंकूंच्या रांगेतून नागमोडी चेंडू न्यायचा होता. एका फेरीत आवाज झाला की सांगायचं, चेंडूला आत्ता पायाची आतली बाजू लागली की बाहेरची. दुसऱ्या फेरीत लक्ष भलतीकडे: कानावर शब्द पडत राहणार, ठरलेला शब्द आला की तो मोठ्याने म्हणायचा. नवशिक्यांना पायाकडे लक्ष दिल्याने फायदा झाला. मुरलेले खेळाडू मात्र उजव्या पायाने खेळताना पायाकडे लक्ष देऊन मंदावले; शब्द ऐकत होते तेव्हा जास्त वेगाने गेले. त्याच मुरलेल्यांना डाव्या, कमी सरावाच्या पायाने खेळायला लावलं तर ते नवशिक्यांसारखे वागले, पायाकडे बघितल्यानेच त्यांचं काम सुधारलं.

सराईत बाई गप्पा मारत दोन्ही हातांनी कापूस वेचते. तिला सांगा, "प्रत्येक बोंडाला अंगठा कुठे लागतो ते बघत वेच." ओंजळ अर्धीही भरायची नाही. अंगवळणी पडलेलं काम मेंदू एकसंध चालवतो, आणि लक्ष मध्ये घुसलं की त्याचे तुकडे पडतात. भरवसा उडालेला फॉरवर्ड नेमकं हेच करतो. टाच कुठे, घोटा कसा, अंग किती झुकलं, हे तो फटक्याच्या क्षणी तपासू लागतो. काठावरून गुरुजी ओरडतात, "घोटा ताठ ठेव!" सल्ला बरोबर असतो, वेळ चुकीची असते. घोटा मंगळवारच्या सरावात शिकवायचा. सामन्यात सांगायचंच झालं तर पायाबाहेरचं काही सांगा: "डाव्या खांबाच्या बुडाशी." बस्स.

पेनल्टीत हे उघडंच पडतं. अंतर ११ मीटर, चेंडू जागेवर स्थिर, वेळ भरपूर, म्हणजे विचार करायला पुरेपूर जागा. नॉर्वेचे गेर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधल्या पेनल्टी शूटआउटचा अभ्यास केला. हा फटका बसला की जिंकलो, अशा वेळी खेळाडू ९० टक्क्यांहून जास्त वेळा गोल करतात. हा चुकला की हरलो, अशा वेळी तेच प्रमाण साठीच्या घरात येतं. अंतर तेच आणि गोलही तेवढाच रुंद. भेदरलेला खेळाडू गोलकीपरकडे पाठ करून परत येतो आणि पंचाची शिट्टी वाजताक्षणी धावत सुटतो, एकदाचं उरकून टाकायला. त्यावर उतारा साधा आहे: चेंडू स्वतः ठेवायचा, मोजून पावलं मागे यायचं, जागा ठरवायची, शिट्टीनंतर एक पूर्ण श्वास सोडायचा, मग निघायचं, आणि वाटेत जागा बदलायची नाही. रोज सरावाच्या शेवटी, थकलेलं असताना, सगळे बघत असताना एकच पेनल्टी मारायला लावा. ओळीने वीस मारून काही साधत नाही, कारण सामन्यात दुसरी मिळत नसते.

आता ओढ. खेळ जमतो, तरी मैदानावर जावंसं वाटत नाही, हे दुखणं वेगळं. एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली. काहींना मध्येच प्रत्येक कोड्यामागे एक डॉलर देऊ केला, नंतर तो बंद केला. पैसे मिळालेले विद्यार्थी त्यानंतर मोकळ्या वेळात कोड्यांकडे कमी वळले. १९७३ मध्ये बालवाडीतल्या मुलांवर असाच प्रयोग झाला: चित्र काढलं तर प्रमाणपत्र देऊ, असं आधी सांगितलेली मुलं पुढे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रात रमली. न सांगता, अचानक प्रमाणपत्र मिळालेल्या मुलांची आवड मात्र टिकली. बक्षीस वाईट नाही. "मी बक्षिसासाठी खेळतो" हे मनात बसलं, की बक्षीस थांबताच खेळही थांबतो. प्रत्येक गोलमागे शंभराची नोट जाहीर करणाऱ्या गावच्या पुढाऱ्याला हे सांगणं अवघड आहे, पण सांगून पाहावं.

डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे मांडलं की ओढ टिकायला तीन गोष्टी लागतात: थोडा तरी निर्णय आपला असणं, आपण पुढे सरकतोय हे दिसणं, आणि आपली माणसं आहेत असं वाटणं. व्यावसायिक खेळाडूच्या तिन्ही गोष्टी दुसऱ्यांच्या हातात असतात. बेंचवर बसवलं तर का, हे कुणी सांगत नाही, करार संपत आला की सोबत्यांशीच स्पर्धा लागते, आणि दुखापत झाली की महिनोन्‌महिने संघाबाहेर. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेने २०१५ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात ६०७ खेळत्या फुटबॉलपटूंपैकी ३८ टक्क्यांनी नैराश्य किंवा चिंतेची लक्षणं सांगितली, आणि तीन किंवा जास्त गंभीर दुखापती झालेल्यांत हे प्रमाण बरंच चढं होतं. आपल्याकडे २०२५ च्या जुलैत आयएसएलचा, म्हणजे देशातल्या सर्वांत वरच्या फुटबॉल लीगचा, पुढचा हंगामच थांबवून ठेवला गेला. काही क्लबांनी पगार रोखले. सामना कधी आहे हेच ठाऊक नसताना पहाटे उठून धावायचं कशाला, हा तेव्हाचा प्रश्न आळसातून आलेला नव्हता.

झोप, भूक, बोलणं सगळंच दोन आठवड्यांहून जास्त आटलं असेल तर तो प्रशिक्षकाचा विषय राहत नाही, डॉक्टरांचा होतो. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

उरलेल्यांसाठी, म्हणजे अंग ठीक, ओढ आहे, फक्त गोल आटलेत अशांसाठी, काम दोनेक आठवड्यांचं आहे. सुरुवात गोलपासून ६ मीटरवर, गोलकीपर नाही, बाजूने सरपटत आलेला चेंडू, एका स्पर्शात फटका. दहाचे तीन फेरे. दहात आठ जाऊ लागले की अंतर १० मीटर, मग उसळता चेंडू, मग नुसता मागे धावणारा बचावपटू, मग गोलकीपर. दहात सहाच्या खाली घसरला तर एक पायरी मागे. दोन चुका इथे नेहमी होतात. एक, गुरुजी घाई करून तिसऱ्याच दिवशी पूर्ण सामना लावतात. दुसरी उलटी: आठवडाभर रिकाम्या गोलमध्येच मारायला लावतात. सोपं यश मेंदू पुराव्यात धरत नाही, आणि सोप्याची सवय लागलेला पहिल्या अडचणीला बसतो.

मग सामना. त्या दिवशी वहीत गोलचा रकाना ठेवायचाच नाही. तीन गोष्टी लिहायच्या: योग्य जागी किती वेळा पोचला, फटके किती मारले, त्यातले गोलच्या चौकटीत किती गेले. सामना संपल्यावर वही त्याच्याच हातात द्यायची, आकडे त्यालाच वाचू द्यायचे. जागी अकरा वेळा, फटके तीन, चौकटीत दोन. गोल एकही झाला नाही, पण ते वहीत नाही. "काहून बे, वाईट खेळलास का?" असं विचारलं तर तो वहीकडे बघेल, आणि बहुतेक वेळा मान हलवून नाही म्हणेल.