दप्तर रोज संध्याकाळी रिकामं करा
प्राथमिक शाळेतल्या मुलांच्या पालकांसाठी: दप्तर, डबा आणि बाटली यांची निगा

आमच्याकडून घेतलेलं दप्तर, डबा किंवा पाण्याची बाटली वर्षभर नीट चालावी म्हणून हे पत्रक दिलं आहे. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच तक्रारींचं मूळ एकच असतं. मूल शाळेतून येतं, दप्तर कोपऱ्यात पडतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाईघाईत उघडलं जातं. तोवर ओल्या बाटलीला वास लागलेला असतो, डब्यातलं सांडलेलं वहीत मुरलेलं असतं आणि शाळेने दिलेली सूचना तळाशी चुरगळून पडलेली असते. त्यामुळे इथे सांगितलेल्या गोष्टींपैकी एकच करायची ठरवलीत, तर ही करा: दप्तर रोज संध्याकाळी पूर्ण रिकामं करा.

संध्याकाळची दहा मिनिटं

मूल घरात आल्यावर आधी डबा आणि बाटली बाहेर काढायची, दोन्हींची झाकणं उघडायची आणि थेट मोरीत किंवा सिंकमध्ये ठेवायची. मग डायरी आणि सुटे कागद एका ठरलेल्या जागी ठेवायचे. सहीचा कागद त्याच वेळी सही करून परत डायरीत घाला, कारण "सकाळी करू" म्हटलेली सही हमखास राहते. शेवटी दप्तर जुन्या वर्तमानपत्रावर उलटं करून झटकायचं. पेन्सिलीचा भुसा आणि खोडरबराचा चुरा चेनच्या खाचेत जाऊन बसतो, म्हणून हे झटकणं महत्त्वाचं आहे.

भरायचं मात्र गृहपाठ झाल्यावर, रात्री, वेळापत्रक समोर ठेवून. वेळापत्रक मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. वाचायला अजून वेळ लागतो अशा मुलांसाठी रंगीत टेप उत्तम: प्रत्येक विषयाला एक रंग, तोच रंग पुस्तकाच्या आणि वहीच्या कण्यावर आणि वेळापत्रकाच्या चौकटीत. सहा वर्षांचं मूल रंग जुळवून स्वतः दप्तर भरू शकतं. सुरुवातीचे दोन-तीन आठवडे शेजारी बसा, पण हात लावू नका. मोठ्यांनी भरलेल्या दप्तरात काय कुठे आहे हे मुलाला वर्गात सापडत नाही.

भरलेलं दप्तर दाराजवळ ठेवा. सकाळी त्यात फक्त डबा आणि बाटली जायला हवी.

सकाळची घाई मुख्यतः झोपेच्या हिशेबातून येते. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना २४ तासांत ९ ते १२ तास झोप लागते. सहाला उठायचं असेल, तर नऊला मूल झोपलेलं हवं. नऊला अंथरुणावर जाणं पुरेसं नाही. निघायच्या वेळेपासून उलटं मोजत या: बूट, दात, आंघोळ, खाणं यांना तुमच्या मुलाला खरोखर किती मिनिटं लागतात ते एक दिवस घड्याळ लावून बघा. बहुतेक घरांत अंदाज आणि घड्याळ यांत बराच फरक निघतो.

वजन: अंदाज नको, मोजा

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नसावं, असा सर्वसाधारण सल्ला आहे. म्हणजे २० किलोच्या मुलाला २ किलो. यात दप्तराचं स्वतःचं वजन, पाणी आणि डबा हे सगळं धरलेलं आहे. समजा रिकामं दप्तर ६०० ग्रॅमचं आहे. बाटलीतलं अर्धा लिटर पाणी म्हणजे ५०० ग्रॅम. इथेच १,१०० ग्रॅम संपले. बाटलीचं आणि भरलेल्या डब्याचं वजन, पुस्तकं, वह्या, कंपास या सगळ्यांना मिळून ९०० ग्रॅम उरतात. म्हणून एका दिवसाची जास्तीची वही "असू दे" म्हणून ठेवणं परवडत नाही. शाळेत पाणी भरायची सोय असेल तर बाटली अर्धीच भरून पाठवा.

वजन करण्यासाठी तुम्ही दप्तर घेऊन वजनकाट्यावर उभे राहा, मग दप्तराशिवाय, आणि वजाबाकी करा. नुसतं दप्तर काट्यावर ठेवलं तर घरगुती काटे एवढं थोडं वजन नीट दाखवतीलच असं नाही.

मूल पुढे वाकून चालतं, खांद्यावर लाल वळ दिसतात, पाठीवर घेताना कुणीतरी दप्तर उचलून धरावं लागतं: यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी वजन करा.

माप आणि पट्टे

कपडे वाढत्या मापाचे घेतले तर चालतं, दप्तर घेऊ नये. मोठं दप्तर कंबरेच्या खाली लोंबतं, ओझं मागे खेचतं आणि मूल तोल सांभाळायला पुढे झुकतं. शिवाय जागा असली की ती भरतेच. दप्तराची रुंदी मुलाच्या खांद्यांच्या आत असावी आणि तळ कंबरेच्या फार तर १० सेंटिमीटर खाली यावा.

पट्टे दोन्ही सारखे ओढा. दप्तर पाठीला टेकलं पाहिजे आणि पट्ट्याखाली तुमची दोन बोटं सहज गेली पाहिजेत. जाड कपडे घालायचे दिवस आले की पट्टे सैल करावे लागतात आणि ते दिवस संपले की पुन्हा घट्ट. हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. पट्टा बकलातून वारंवार घसरत असेल, तर शेवटचं टोक दुमडून शिवून घ्या, म्हणजे निदान तो निसटून येणार नाही.

सर्वांत जड पुस्तकं पाठीच्या बाजूला, हलक्या वस्तू पुढच्या खणात. बाटली एका बाजूच्या जाळीत, शक्य असेल तर डबा दुसऱ्या बाजूला. बाटली कधीही वह्यांच्या खणात घालू नका, झाकण कितीही घट्ट असलं तरी.

शिवण बहुतेक वेळा वरच्या बाजूला, जिथे खांद्याचा पट्टा पाठीत शिवलेला असतो, तिथे उसवते. कारण मुलं एकाच पट्ट्याला धरून दप्तर उचलतात आणि फरफटत नेतात. उचलायला वरची मूठ दिलेली आहे, ती वापरायला शिकवा. महिन्यातून एकदा त्या जागी नखाने दोरा चाचपून बघा. एखादा टाका सुटलेला असताना आणलंत तर चौकटीची टीप मारून काम होतं. आतला फोम आणि अस्तर फाटल्यावर नवं कापड लावावं लागतं आणि तो भाग जाड होऊन खांद्याला टोचतो.

चेन अडकली किंवा उघडी राहिली तर

रनर (चेन लावायला ओढतो तो सरकता तुकडा) पुढे जातो पण मागे चेन उघडीच राहते, तेव्हा दोष बहुधा दातांत नसतो. रनरच्या वरच्या-खालच्या पट्ट्या फाकलेल्या असतात. जास्त भरलेल्या दप्तरावर चेन ओढून ओढून हे होतं. रनर चेनच्या सुरुवातीला आणा आणि पकडीने मागची एक कड हलकेच दाबा, मग तेवढीच दुसरी कड. एकदम जोर लावलात तर रनर तडकतो. दाबून चेन लावून बघायची, गरज वाटली तरच पुन्हा दाबायची.

चेन जड चालत असेल तर आधी जुन्या टूथब्रशने खाच साफ करा, मग मेणबत्ती दातांवर घासा. तेल घालू नका, त्याला धूळ चिकटते आणि डाग वह्यांवर उतरतात. अस्तर रनरमध्ये अडकलं असेल तर पुढे ओढायचं नाही: कापड बाजूला ताणून धरा आणि रनर थोडा थोडा मागे घ्या.

धुणं

आतल्या बाजूने बहुतेक दप्तरांना पाणी अडवणारा लेप असतो. गरम पाण्याने आणि वॉशिंग मशीनच्या घुसळण्याने तो सुटतो, पांढरट पापुद्रे पडू लागतात आणि मग दप्तर गळतं. म्हणून साधं पाणी, सौम्य साबण आणि मऊ ब्रश. सगळे खण उघडे ठेवून सावलीत उलटं टांगा. पट्ट्यांतला फोम वाळायला कापडापेक्षा खूप जास्त वेळ लागतो, तेव्हा सुट्टीच्या पहिल्याच दिवशी धुवा. शाळेच्या आदल्या संध्याकाळी धुतलेलं दप्तर ओल्या पट्ट्यांनी खांद्यावर जातं आणि दोन दिवसांत त्याला कुबट वास येतो. लेप असला तरी पावसाचं पाणी शिवणीच्या भोकांतून आणि चेनमधून आत शिरतंच, त्यामुळे पावसात वरून आवरण घाला.

बाटली: वास झाकणातल्या रिंगेत असतो

बाटली रोज घासूनही वास येतो, अशी तक्रार आली की झाकणातली सिलिकॉनची रिंग बघावी. तिच्या खाली ओल आणि गोड पेयाचा अंश साचतो आणि काळे ठिपके धरतात. रिंग आठवड्यातून दोनदा काढून धुवा, पाण्याशिवाय दुसरं काही भरलं असेल तर त्याच दिवशी. काढताना चमच्याच्या दांड्याचं बोथट टोक वापरा. सुरीने रिंगेला बारीकशी चीर पडते आणि तिथूनच बाटली गळू लागते. वास राहिलाच तर अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन चहाचे चमचे खायचा सोडा घालून रिंग आणि झाकण रात्रभर बुडवून ठेवा. काळे ठिपके तरीही गेले नाहीत तर रिंग बदला. स्टीलच्या बाटलीत ब्लीच घालू नका, पत्र्याला बारीक खड्डे पडतात.

रिंग परत बसवताना तिची कडा पूर्वी होती त्याच दिशेला हवी. मग बाटली भरून कोरड्या कागदावर दहा मिनिटं उलटी ठेवा. कागद ओला झाला नाही तरच शाळेत पाठवा. रात्री बाटली आणि झाकण वेगवेगळं, उघडं वाळू द्या.

दुहेरी भिंतीच्या बाटलीत गरम पाणी भरल्यावर बाहेरचा पत्रा तापत असेल, तर मधली निर्वात पोकळी गेली आहे. ती दुरुस्त होत नाही.

डबा भरलेलाच परत आला तर

मुलाला रागावण्याआधी झाकण बघा. गरम पदार्थ भरून लगेच घट्ट लावलेलं झाकण थंड होताना आत ओढलं जातं, कारण आतली वाफ पाण्यात बदलते आणि हवेचा दाब कमी होतो. असा डबा सहा-सात वर्षांच्या बोटांना उघडत नाही आणि लाजरं मूल मदतही मागत नाही. वाफ जाऊ द्या, मग झाकण लावा. नवा डबा पहिल्यांदा पाठवण्याआधी घरी भरून, थंड होऊ देऊन, मुलाकडूनच पाच-सहा वेळा उघडून घ्या.

गरम राखणारा डबा मात्र उलट पद्धतीने भरतात: आधी उकळतं पाणी घालून पाच ते दहा मिनिटं ठेवायचं, ते ओतून टाकायचं आणि लगेच अगदी गरम अन्न भरून बंद करायचं. हा डबा उघडायला झडपेचा असेल तर झडप आधी दाबायला मुलाला शिकवा. साध्या डब्यात नाशवंत पदार्थ दोन तासांहून जास्त वेळ राहणार असेल तर तो देऊ नका, ५ ते ६० अंश सेल्सिअस तापमानात जंतू झपाट्याने वाढतात.

आजारपणानंतर

तापाचं औषध न देता २४ तास ताप आलेला नसेल, तर मूल साधारणपणे शाळेत जाऊ शकतं. उलट्या-जुलाब थांबल्यावर ४८ तास घरी ठेवावं. शाळेचा नियम वेगळा असेल तर तो पाळावा. पोटाच्या आजारानंतर बाटली, रिंग, डबा आणि चमचा गरम पाण्याने साबण लावून नीट धुवा, रिंग काढूनच.

नाव कुठे लिहावं

दप्तराच्या आत, झाकणाच्या अस्तरावर नाव, इयत्ता आणि पालकांचा फोन नंबर लिहा. बाहेरून दिसेल असं नाव नको. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली तर लहान मूल त्याला ओळखीचा समजतं. प्लॅस्टिकवर मार्करने लिहिण्याआधी जागा स्पिरिटने पुसा आणि वर पारदर्शक टेप लावा, नाहीतर घासताना अक्षरं जातात. झाकण आणि डबा, दोन्हींवर नाव घाला, झाकणंच जास्त हरवतात.

दुरुस्ती आणि सुटे भाग

रिंग, झाकण, बकल आणि रनर सुटे मिळतात. रिंगेसाठी येताना झाकण घेऊन या, बाटली आणायची गरज नाही. रनर बदलायला दप्तर लागतं. ते रिकामं आणि कोरडं आणा, आणि मुलाला दुसऱ्या दिवशी कशात पुस्तकं न्यायची ते आधी ठरवून ठेवा, कारण चिकटवलेले भाग सुकायला एक रात्र जाते.