मशेरीतलं निकोटिन पोटातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत जातं, हे कळायला एवढी वर्षं का लागली

कोकणात मशेरी भाजायला घेतली की चार घरं पलीकडे कळतं. तंबाखूची पानं तव्यावर पार काळी होईपर्यंत भाजायची, घरभर ठसका, मग ती चुरून डबीत भरायची आणि सकाळी परसात उभं राहून बोटाने हिरड्यांना घासायची. कुणी दुपारच्या जेवणानंतर परत लावते, कुणी रात्री झोपताना. मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं सांगणाऱ्या बायका गावोगावी भेटतील, आणि दिवस गेले तरी ही सवय सहसा सुटत नाही, कारण मशेरी ‘खात’ नाहीत ना, लावतात आणि थुंकून टाकतात, मग ती पोटात जाईलच कशी असा साधा हिशोब असतो. पण निकोटिनला पोटात जायची गरजच नाही, ते हिरडीतून आणि गालाच्या आतल्या कातडीतून थेट रक्तात उतरतं आणि तिथून वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळाकडे जातं.

तंबाखू आपल्याकडे पोर्तुगीजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर आला आणि १६०४-०५ च्या सुमाराला असद बेग या दरबारी माणसाने तो विजापूरहून अकबराच्या दरबारात नेला, म्हणजे दिल्ली-आग्र्याच्या आधी तो इकडे रुळला होता. पण निकोटिन शरीरात नेमकं करतं काय हा प्रश्न फार उशिरा हाताशी आला. केंब्रिजच्या जॉन लँगलीने १९०५ मध्ये कोंबडीच्या स्नायूवर निकोटिन वापरून पाहिलं. नस कापून टाकली तरी स्नायू आखडत होता, आणि क्युरारे नावाचं विष दिलं की तोच परिणाम दबत होता. म्हणजे नस नाही, स्नायूच्या पेशीतच असं काहीतरी आहे जे हे रसायन ओळखतं. आज आपण ज्याला रिसेप्टर म्हणतो ती कल्पना पुढे आली त्यात निकोटिनचा एवढा मोठा वाटा आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण जवळजवळ पाऊणशे वर्षं हे ज्ञान एका बाजूला पडून राहिलं आणि गरोदर बायकांचा विचार दुसऱ्याच बाजूला चालला.

त्या दुसऱ्या बाजूला वार म्हणजे पक्की भिंत असा समज होता. १९५७ मध्ये अमेरिकेत सिम्पसन यांनी दाखवलं की सिगारेट ओढणाऱ्या आयांची मुलं कमी दिवसांची, कमी वजनाची जास्त जन्मतात. १९६१ मध्ये थॅलिडोमाइडचं प्रकरण बाहेर आलं, म्हणजे गरोदरपणात घेतलेल्या या औषधाने मुलं हातपाय खुरटलेली जन्मत होती, आणि भिंतीचा समज कोसळला. १९७३ मध्ये सिअ‍ॅटलच्या जोन्स आणि स्मिथ यांनी गरोदरपणातल्या दारूमुळे मुलांमध्ये दिसणाऱ्या लक्षणांना नाव दिलं, फ्रान्समध्ये लमॉइन यांनी ती १९६८ मध्येच नोंदवली होती पण फार कुणी वाचलं नाही.

दोन्ही धागे जुळले ते १९८० च्या दशकात. १९८३ मध्ये दिसलं की उंदरांना बरेच दिवस निकोटिन दिलं की मेंदूतले निकोटिनचे रिसेप्टर वाढतात. हे उलटंच होतं, कारण एखादा रिसेप्टर सतत चालू ठेवला की पेशी सहसा त्यांची संख्या कमी करते. इथे मात्र निकोटिनच्या सततच्या माऱ्याने रिसेप्टर बधिर होतात, आणि त्याची भरपाई म्हणून त्यांची संख्या वाढते असं मानलं गेलं. मग ड्यूक विद्यापीठात थिओडोर स्लॉटकिन यांच्या गटाने गाभण उंदरांच्या कातडीखाली छोटे पंप बसवून निकोटिन हळूहळू सोडलं, कारण इंजेक्शनने एकदम डोस गेला तर पिल्लाचा ऑक्सिजन तुटतो आणि दोष नेमका कशाचा ते कळत नाही. पिल्लांच्या मेंदूतही रिसेप्टर वाढलेले निघाले, आणि पिल्लांचं वजन नीट असतानासुद्धा मेंदूच्या पेशींचं नुकसान दिसलं. वाढत्या मेंदूत अ‍ॅसिटिलकोलिन, म्हणजे ज्या नैसर्गिक रसायनासाठी हे रिसेप्टर मुळात असतात ते, काही फक्त निरोप पोचवायचं काम करत नाही, पेशींनी विभागणं कधी थांबवायचं आणि जोडण्या कधी करायच्या हेही त्याच्यावर चालतं, आणि निकोटिन त्याच्याच जागेवर जाऊन बसतं, तेही अवेळी. माणसाच्या गर्भात हे रिसेप्टर पहिल्या तिमाहीतच असतात, म्हणजे कित्येक बायकांची पहिली तपासणी व्हायच्या आधी.

आपल्या इकडचा मोठा पुरावा मुंबईचा आहे. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या यांनी १२१७ गरोदर बायकांचा पाठपुरावा करून २००४ मध्ये तो छापला. साधारण १७ टक्के बायका बिनधुराचा तंबाखू वापरत होत्या, त्यातही बहुतेक मशेरीच, आणि त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. त्यांनी वजन आणि गरोदरपणाचे दिवस मोजले, मेंदू नाही, त्यामुळे उंदरांचे निष्कर्ष उचलून मालवणच्या पोरांना चिकटवू नयेत. अमेरिकेत कोकेनच्या बाबतीत हेच झालं, १९८५ नंतर पेपरांनी ती मुलं कायमची बरबाद झाली म्हणून ओरड केली, आयांवर खटले भरले, आणि २००१ मध्ये सगळे अभ्यास परत तपासले तेव्हा गरिबी, तंबाखू, दारू हे वेगळं काढल्यावर कोकेनचा म्हणून सांगितलेला बराचसा परिणाम टिकला नाही. बाईवर राग काढून बाळाचं भलं झालेलं तिथे कुणाला दिसलं नाही.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, तंबाखूच्या पाकिटांवर मोठमोठी चित्रं आली, पण घरी भाजलेल्या मशेरीला पाकीटच नसतं. तपासणीला आलेल्या बाईला तंबाखू खाता का विचारलं तर ती ‘नाय ओ’ म्हणेल, आणि तिच्या समजुतीप्रमाणे ते खरंच असतं. आशाताई आणि नर्सबाईंनी मशेरीचं नाव घेऊनच विचारायला हवं, दिवसातून किती वेळा लावता, तोंडात किती वेळ ठेवता, तेही सासूबाई बाजूला बसलेल्या नसताना, आणि शक्यतो अगदी पहिल्याच भेटीत.